रिकामा दाखवलेला समुद्र

५ जानेवारी २०२५, रविवार

निकेतने आज मला मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत नेऊन सरकारी नकाशा दाखवला. आमच्या पाली गावासमोरचा सगळा समुद्र फिकट निळा, आणि त्यात एक तांबडा चौकोन. चौकोनाखाली छापलंय: 'गाळ टाकण्यासाठी प्रस्तावित क्षेत्र. सद्य वापर: नाही.' खाडीतून उपसलेला गाळ बार्जमधून आणून तिथे ओतणार आहेत.

"सद्य वापर नाय म्हने," निकेत म्हणाला. "मग आमी तिथं रोज क्रिकेट खेलाया जातो काय?"

निकेत माझा मामेभाऊ. परशुराममामांची बोट आता तोच चालवतो. त्या चौकोनात पालीच्या डोलींच्या जागा आहेत. समुद्राच्या तळात खुंट ठोकायचे, त्यांना पिशवीसारखं लांब जाळं बांधायचं, पाण्याच्या ओढीने मासळी आपोआप आत येते. प्रत्येक बोटीच्या जागा ठरलेल्या, बापाकडून मुलाकडे आलेल्या. वरून बघितलं तर नुसतं पाणी.

सुनावणी २० फेब्रुवारीला. तोपर्यंत प्रत्येक जागा अक्षांश-रेखांशासह, पुराव्यासह दाखल केली नाही तर हरकत फेटाळली जाईल आणि गाळ खुंटांवर पडेल. मुंबईच्या एका संस्थेतल्या सुचेता मॅडम मदत करणार आहेत. त्यांच्या मोबाइल अॅपमध्ये जागा, खोली, तळ, हंगाम आणि सांगणाऱ्याचा आवाज, सगळं एकत्र साठतं. भरणारा माणूस गावातला हवा. सोसायटीचा हरकत अर्ज मी टाइप केला होता. मॅडम म्हणाल्या, त्यात एक चूक सापडली नाही.

मी दहावीला गणितात दोनदा नापास आहे हे मी त्यांना लगेच सांगून टाकलं. नंतर कळण्यापेक्षा बरं.

त्या म्हणाल्या, "मला गणित नको, नीट ऐकणारा माणूस हवाय."

मी हो म्हणालो.

१२ जानेवारी, रविवार

सात दिवसांत नऊ तांडेल, म्हणजे बोटींचे कप्तान, आणि एकेचाळीस जागा. दुकानातून सुटलो की थेट पाली गाठतो. मासळी वाळवायच्या बांबूंपाशी तांडेल बसलेले असतात. मी मॅडमनी दिलेल्या टॅबवर उपग्रहाचा फोटो उघडतो, ते बोट ठेवतात, मी नोंद करतो, आवाज रेकॉर्ड करतो, प्रत्येक नाव दोनदा वाचून दाखवतो. सगळे फार प्रेमाने बोलतात. चहा पाजतात.

एकच अडचण. एकाच जागेबद्दल तीन जण तीन ठिकाणं सांगतात. कोणाला खोटं पाडायचं नाही म्हणून मी तिघांची सरासरी काढली. वाद नको आणि अन्यायही नको.

परशुराममामांनी मात्र निराशा केली. पंचेचाळीस वर्षं तांडेल होते, तीन वर्षांपूर्वी बोट सोडली. टॅबकडे न बघताच त्यांनी बोट टेकवलं ते गोराईच्या बसस्टॉपवर.

"मामा, ही जमीन आहे."

"तुझा नकाशा चुकला."

हल्ली ते फार तिरसट झालेत. मी चहाचा पेला पुढे केला तर आधी दोनदा हवेत हात फिरवला, मग घेतला. मला खिजवायला.

१८ जानेवारी, शनिवार

लिहायला हात उचलवत नाहीये.

मॅडम आज निकेतच्या बोटीतून सहा जागा तपासायला गेल्या. खोली मोजणारं यंत्र होतं. मी किनाऱ्यावर थांबलो, कारण मला बोट लागते. पालीत जन्मून बोट लागणारा मी एकटाच. म्हणून तर मी शहराकडे बेव्हर्ली पार्कला झेरॉक्सच्या दुकानात भाडेकरार टाइप करतो.

सहापैकी एकही जागा बरोबर निघाली नाही. दोन तर खडकावर आल्या. तिथे खुंट कसा ठोकणार? एक जागा मोठ्या जहाजांच्या वाटेत.

मॅडमनी फक्त पाणी मागितलं. मी टॅब पुसून, कव्हर लावून परत द्यायला ठेवलाय. दोन आठवडे, नव्हे, तेरा दिवस फुकट गेले. (आकडा तपासला. तेरा बरोबर.)

१९ जानेवारी, रविवार

मामांकडे माफी मागायला गेलो. लक्ष्मीमामी ओट्यावर सुकट निवडत होती. मी सगळं सांगितलं. ती इतकी हसली की सूप खाली ठेवावं लागलं.

"अरे गुणा, जमनीव उभा राहून कंचा तांडेल खरी जागा सांगल? माज्या बापानं माज्या सासऱ्याला जन्मात खरी सांगली न्हाय, आनी मना त्याच घरात दिली!"

"म्हणजे ते सगळे खोटं बोलले?"

"खोटं कसं? ती रीत हाय. कोनी इचारलं तर थोडी बाजूची सांगायची. समोरच्यालाबी ठावं असते. तूच येकटा असा निघालास, लिवून घेनारा!"

खरी जागा फक्त त्या जागेवरच सांगतात, आणि जो बोटीत बसून तिथपर्यंत आलाय त्यालाच. हे पालीतल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. मी सव्वीस वर्षांचा, बोट लागते म्हणून कधी गेलोच नाही, म्हणून मला माहीत नाही.

थोडक्यात, मी नऊ जणांच्या थापांची सरासरी काढली.

२० जानेवारी, सोमवार

मॅडमना फोन करून खरं सांगितलं. त्याही हसल्या. मग म्हणाल्या, "गुणवंत, ही आपली पहिली खरी नोंद. लिहून ठेव. रीतसुद्धा ज्ञानच आहे."

टॅब परत घेणार नाही म्हणाल्या. एक महिना उरलाय.

मामा बोटीतून येऊन जागा दाखवायला तयार झाले. अट एकच: निकेत मागे इंजिनावर राहील, आणि मी पुढे त्यांच्याजवळ बसून विचारतील त्याचं उत्तर देईन. निकेत म्हणाला, "बाबा, जीपीएस हाय ना माझ्याकडं, तुमी कशाला दगदग करता?" मामा म्हणाले, "तुझ्या जीपीएसला तू धा जागा शिकवल्यास. मना पंचवीस ठाव्या हायेत."

२२ जानेवारी, बुधवार

चार वेळा उलटी. पाच नोंदी.

भांगाचे दिवस मामांनी मुद्दाम निवडले, कारण तेव्हा पाण्याला ओढ कमी आणि दोरी सरळ खाली जाते. भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपट: आज अष्टमी, आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाला पूर्ण भरती. मोबाइलने काही मिनिटांचा फरक दाखवला. मामा म्हणाले, "त्याला सांग, पानी बघून यायला."

मामांची पद्धत अशी. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एकमेकींसमोर आणायच्या, दुसऱ्या बाजूला आणखी दोन. दोन्ही जोड्या जुळल्या की जागा आली. पण मामा स्वतः खुणा सांगत नाहीत, मलाच विचारतात. डोळे मिटून बसतात आणि म्हणतात, "पॅगोडा कुठं आला?"

"दीपगृहाच्या डावीकडे. दोन बोटं अंतर आहे."

"हात लांब धरून दोन बोटं, का तोंडाजवळ?"

"लांब धरून."

"मग अजून जाऊ दे. आता?"

"चिकटला."

"थांबव! शिसं सोड."

मी कधी चुकतो का हे ते सतत तपासतात. परीक्षा घ्यायची ही पद्धत कडक आहे, पण मला शाळेतल्यापेक्षा आवडली.

शिशाच्या गोळ्याच्या बुडाला साबण फासलेला असतो. गोळा तळाला टेकला की तळ साबणाला चिकटून वर येतो. मामा तो बोटांनी चोळतात, हुंगतात, जिभेला लावतात. "अकरा वाव पानी. काला, मऊ, वासाचा. हितं पोस महिन्यात बोंबील, पुढं जवला."

अॅपमध्ये तळासाठी तीनच पर्याय: वाळू, चिखल, खडक. मी 'चिखल' निवडला, असं सांगितलं.

"निस्ता चिखल? मानूस म्हंजे निस्ता मानूस काय? बायको, सासू, जकात घेनारा, सगले सारखे?"

एका जागेवर मी म्हणालो की चर्चचा मनोरा नव्या टॉवरच्या मागे गेलाय, दिसत नाही. मामा म्हणाले, "कंचा टॉवर?" चांगला बावीस मजली आहे, दोन वर्षं झाली. मामांना जुन्या खुणांचा इतका अभिमान की नव्या इमारतींकडे ते बघतच नाहीत.

२८ जानेवारी, मंगळवार

मॅडमनी अॅपमधली तळाची यादी बदलली. आता अकरा प्रकार आहेत, सगळे मामांच्या शब्दांत, आणि प्रत्येकाबरोबर मामांचा आवाज. संस्थेतल्या तळाच्या अभ्यासकांना नमुने पाठवले होते. अकरापैकी नऊ प्रकार त्यांच्या यंत्रानेही वेगळे ओळखले. उरलेल्या दोहोंत त्यांना फरक दिसत नाही. मामा म्हणाले, "त्याना चाटाया सांग."

दुकानात शेठ वैतागलेत. "गुणवंत, तू टायपिस्ट है कि मछुआरा? एक बात फायनल कर, भाई." मी म्हणालो, सुबह मछुआरा, दस बजे के बाद टायपिस्ट. हे मी म्हणालो यावर माझाच विश्वास बसत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

दोन उलट्या. मामांची शेवटची जागा, पंचविसावी, आज नोंदली.

ती त्यांच्या वडिलांची. तांबड्या चौकोनाच्या बरोबर मधे. मामांनी तिथला खुंट शेवटचा अकरा वर्षांपूर्वी बदलला. त्याच हंगामानंतर खलाशी मिळेनात म्हणून तिथे डोल लावणं बंद झालं. खुंट अजून उभा आहे, असं ते म्हणतात. पण तिची एक खूण म्हणजे डोंगरीवरचे दोन ताड, आणि ते ताड आता नाहीत. अर्धा तास मागेपुढे करत, शिसं सोडत, चाटत, मामांनी जागा ठरवली. आठ वेळा 'न्हाय' म्हणाले, नवव्यांदा म्हणाले, "ह्योच माझ्या बापाचा चिखल."

अॅपमध्ये खात्रीचा रकाना असतो: जास्त, मध्यम, कमी. बाकी चोवीस जागांना 'जास्त' भरलं. इथे दुसरी खूण नव्हती, म्हणून 'कमी' भरलं. खोटं कसं भरणार?

९ फेब्रुवारी, रविवार

पंचवीस जागांनी भागणार नाही. बाकीच्या बोटी गप्प आहेत. त्यांचं भय खरं आहे: जागा एकदा मोबाइलमध्ये गेली की ती सगळ्या जगाची.

मॅडमनी तोडगा काढला. प्रत्येक बोटीच्या जागांना कुलूप. किल्ली त्या घराकडेच. अक्षांश-रेखांश कुलपातच दाखल होतील, सरकारला दिसेल ती फक्त बाहेरची हद्द आणि जागांची संख्या, आणि एखादी जागा उघडून दाखवायची तर त्या घराची सही लागेल. संस्थेलाही दिसणार नाही. मी सोसायटीत सगळ्यांसमोर हे मराठीत समजावून सांगितलं.

कोणीतरी मागून म्हणालं, "आनी तुला तर ठाव्या असतील ना, गुणा?"

मामा बसल्या जागेवरून म्हणाले, "त्याला ठाव्या असून उपेग काय? तो तिथं जाऊन वकनार!"

सगळे हसले, आणि त्या हसण्यातच सहा बोटी तयार झाल्या.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सात बोटी. एकशे चार जागा. उलट्यांचा हिशोब सोडून दिला. अर्ज तीनदा वाचला. प्रती पाच.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सगळं माझ्यामुळे बिघडलं.

सुनावणीत अधिकारी नीट बोलत होते. पानं उलटत म्हणाले, "काम छान आहे. पण संगणकावर कोणीही ठिपके काढू शकतो. मला एक जागा समुद्रात दाखवा. एकच."

मामांनी सही करून आपल्या जागा उघडल्या. (कुठे सही करायची ते मी बोट धरून दाखवलं, कारण ते हट्टाने कागदाकडे बघतच नव्हते.) अधिकाऱ्यांनी यादीवरून बोट फिरवलं आणि पंचविसाव्या ओळीवर थांबले.

"इथे खात्री 'कमी' लिहिलंय. वापरही अकरा वर्षं नाही. आणि आमच्या क्षेत्राच्या मधोमध आहे. हीच दाखवा. तिथे खुंट असेल तर बाकीच्यांवर मी शंका घेणार नाही. नसेल तर मात्र सगळ्याच यादीचा पुन्हा विचार करावा लागेल."

निकेतने माझ्याकडे असं बघितलं की मी कागद मोजायला लागलो. चोवीस वेळा 'जास्त' लिहिताना पंचविसाव्यांदा लिहिलं असतं तर कोणाला कळणार होतं?

मामा बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "कमी होती, कमी लिवलास. बरोबर केलास." पण त्यांचा आवाज बारीक होता.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

जसं घडलं तसं लिहितो, क्रमाने.

पहाटे धक्क्यावर लक्ष्मीमामी आली होती. माझ्या कानात म्हणाली, "त्यांचा हात सोडू नको." धक्का शेवाळाने निसरडा आहे खरा. मामा माझ्या खांद्यावर हात ठेवून बोटीपर्यंत आले. साहेबांसमोर भाच्याचा मान वाढवला.

अधिकारी, त्यांचा एक सहायक, मॅडम, निकेत, मामा, मी. पावणेआठला टॅबवरच्या ठिपक्यावर पोचलो. निकेतने लोखंडी गळ दोरीला बांधून तळावरून ओढला. काही नाही. दुसऱ्यांदा, आडवा ओढला. काही नाही. सहायकाने घड्याळ बघितलं. अधिकारी मॅडमना म्हणाले, "तुमच्या मेहनतीबद्दल प्रश्नच नाही." असं म्हणतात तेव्हा सगळं संपलेलं असतं.

मामांनी शिसं मागितलं. चोळलं, चाटलं. "ह्यो त्याच्या बाजूचा चिखल हाय. कच लागते. जवल हाय, पन ह्यो न्हाय." मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "गुणा, त्या दिशी तू बटन कवा दाबलास? मी शिसं सोडला तवा, का बोललो तवा?"

बोलले तेव्हा. मी नेहमी मामा बोलल्यावरच बटण दाबतो. आणि शिसं सोडून, वर ओढून, चाखून बोलेपर्यंत बोट सरकत असते. इतर ठिकाणी किनाऱ्यावरच्या खुणा असल्यामुळे निकेत बोट जागेवर धरून ठेवतो. इथे तसं धरायला खूणच नव्हती.

मी टॅबवर ५ तारखेचं रेकॉर्डिंग लावलं. नवव्या वेळचं. शिसं पाण्यात पडल्याचा आवाज सात एकेचाळीस आणि दहा सेकंदांना. मामांचं "ह्योच माझ्या बापाचा चिखल" बेचाळीसला आणि आठ सेकंदांना. मधे अठ्ठावन्न सेकंद. बोटीच्या वाटेची रेघही अॅपने ठेवली होती. त्या अठ्ठावन्न सेकंदांत बोट ओहोटीबरोबर दक्षिणेला तीस मीटर सरकली होती. मी वजाबाकी कागदावर तीन वेळा केली. तिन्ही वेळा तेच उत्तर आलं.

"तीस मीटर उत्तरेला," मी म्हणालो. "निकेत, तीस मीटर उत्तरेला घे."

"नक्की?"

"नक्की. खात्री जास्त."

निकेतने बोट घेतली. मामांनी शिसं सोडायला लावलं, बोटं हुंगली आणि ती धोतराला पुसली. गळ टाकला. बोट हळूहळू पुढे गेली, दोरी सुटत गेली, आणि मग ताठ झाली. बोट दाव्याला बांधलेल्या रेड्यासारखी जागच्या जागी वळली आणि थांबली.

अधिकाऱ्यांनी स्वतः दोरी धरली, पाय रोवून ओढली. जराही हलली नाही. ते म्हणाले, "इंजिन बंद केलंय का?"

"साहेब," निकेत म्हणाला, "इंजिन फुल चालू हाय."

मॅडम रडत होत्या आणि हसत होत्या. सहायकाने फोटो काढले. अधिकाऱ्यांनी टॅबवरची ती अठ्ठावन्न सेकंदं पुन्हा ऐकायला मागितली, दोनदा. मग मामांना विचारलं, "तुम्ही हे चवीवरून ओळखता?"

"तुमी आईच्या हातचा भात कशावरून वलखता?" मामा म्हणाले.

धक्क्यावर उतरल्यावर माझ्या ध्यानात आलं की आज एकही उलटी झाली नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी दुकानात निघालो तर घराबाहेर चार तांडेल उभे. जानेवारीत ज्यांनी मला चहा पाजून खडकावरच्या जागा सांगितल्या, तेच. एकजण म्हणाला, "आमच्या बोटीत कवा येतोस? आता खरी सांगतो." दुसरा म्हणाला, "आधी माझी, ह्याचा बाप खोटा होता." मी दोघांनाही तारखा दिल्या. भांगाच्याच दिल्या.

१० मार्च, सोमवार

पत्र आलं. तांबडा चौकोन पालीसमोरून काढलाय. सुधारित नकाशात तिथे तिरप्या रेघांचा पट्टा आहे आणि खाली लिहिलंय: 'पारंपरिक डोल मासेमारी क्षेत्र. नोंदलेल्या जागा: १०४. सद्य वापर: होय.' मी प्रत्येक अक्षर तपासलं. चूक नाही.

शेठने सगळ्यात मोठ्या कागदावर प्रत काढून दिली. घडी पडू नये म्हणून नळीत घालून मी ती पालीला नेली, आणि संध्याकाळी सोसायटीच्या भिंतीवर लावली. अख्खं गाव लोटलं. बायकांनी नकाशाला हळदकुंकू लावलं, ते एका कोपऱ्यात लावा म्हणून मी विनंती केली. कोणीतरी फटाके आणले. दोन तांडेल लगेच हद्दीवरून भांडायला लागले, म्हणजे नकाशा खरा आहे.

मामा शेवटी आले, लक्ष्मीमामीचा हात धरून. गर्दीने वाट दिली. त्यांनी तळवा कागदावर टेकवला आणि पलीकडून अलीकडे फिरवला, सावकाश, जसा जाळ्यावर फिरवतात.

मग मला जवळ ओढून हळू विचारलं, "माझ्या बापाची कुठं हाय?"

मी कोणाला दिसणार नाही अशा बेताने त्यांचं बोट धरून रेघांच्या मधे ठेवलं. तिथे काहीच छापलेलं नाही, आपलं कुलूप आहे ना, त्यामुळे एकट्याने ती जागा शोधणं कोणालाही शक्यच नव्हतं. मामांनी बोट तिथेच दाबून धरलं. मागून लोक पुढे सरका म्हणत होते, पण त्यांनी बोट उचललं नाही, आणि मीही त्यांना घाई केली नाही.